मॉरिशसची सहल आखताना: इतिहास, लोकजीवन आणि दुर्मीळ पक्ष्यांसाठी

मॉरिशसला जाणारा भारतीय प्रवासी बहुधा किनाऱ्यावरच्या एखाद्या रिसॉर्टमध्ये उतरतो, एक दिवस शामारेलची रंगीत माती पाहतो, एक दिवस बोटीतून फिरतो आणि परत येतो. त्यात गैर काही नाही. परंतु मादागास्करच्या पूर्वेस सुमारे ८०० किलोमीटरवर असलेले हे बेट ज्याला त्याच्या इतिहासासाठी, तिथल्या माणसांसाठी आणि जगात अन्यत्र कोठेही न आढळणाऱ्या पक्ष्यांसाठी पाहायचे आहे, त्याने सहलीची आखणी मुळातूनच वेगळी करायला हवी. जाण्याचा महिना, मुक्कामाचे गाव आणि ठिकाणांचा क्रम या तिन्ही गोष्टी त्यामुळे बदलतात.

या बेटावर मूळचे रहिवासी म्हणावेत असे कोणी नव्हते, हे आखणीला बसण्यापूर्वीच ध्यानात घ्यावे. १५९८ मध्ये डच खलाशी येथे उतरले, १६३८ मध्ये त्यांनी वसाहत केली आणि १७१० मध्ये ती सोडून दिली. १७१५ मध्ये फ्रेंच आले, १८१० मध्ये इंग्रजांनी बेट जिंकले आणि १२ मार्च १९६८ रोजी मॉरिशस स्वतंत्र झाले. येथला प्रत्येक माणूस कधी ना कधी जहाजातून आलेल्या कोणाचा तरी वंशज आहे. ऊस, हरणे, माकडे, उंदीर आणि मुंगूस हेही असेच बाहेरून आले. शिपाई बुलबुल आणि साळुंकी येथे इतक्या दिसतात की आपल्याला घरी असल्यासारखे वाटते, पण या दोन्ही जाती भारतातून आणलेल्या आहेत. जे खरोखर इथले होते त्यातले पुष्कळसे संपले. डोडोची शेवटची खात्रीची नोंद १६६२ ची आहे, म्हणजे डचांच्या आगमनानंतर पुरती सत्तर वर्षेही तो टिकला नाही. त्यामुळे माझा सल्ला असा की आधी पोर्ट लुईतला इतिहास पाहावा आणि मगच जंगलात जावे. उलट क्रमाने गेल्यास जंगलात काय पाहतो आहोत याचा अर्थ लागत नाही.

केव्हा जावे

हे बेट दक्षिण गोलार्धात असल्याने मे ते ऑक्टोबर हा थंड आणि तुलनेने कोरडा काळ, तर नोव्हेंबर ते एप्रिल हा उष्ण आणि दमट काळ असतो. जानेवारी ते मार्च हे चक्रीवादळांचे महिने आहेत. वादळाचे इशारे पहिल्या ते चौथ्या वर्गापर्यंत चढत्या क्रमाने दिले जातात आणि तिसऱ्या वर्गाचा इशारा लागला की बस, दुकाने आणि संग्रहालये बंद होतात. त्या दिवसांत जायचेच असेल तर परतीच्या तारखेला एक-दोन दिवसांची सवड ठेवावी. पक्ष्यांच्या दृष्टीने सप्टेंबर ते नोव्हेंबर हा काळ उत्तम, कारण मॉरिशस केस्ट्रेल या छोट्या शिकारी पक्ष्याचा विणीचा हंगाम तेव्हा चालू असतो आणि पायवाटाही फारशा निसरड्या नसतात.

संस्कृतीसाठी जाणाऱ्याने मात्र तिथल्या सार्वजनिक सुट्ट्यांची यादी समोर घेऊन तिकीट काढावे. १ फेब्रुवारी हा गुलामगिरी रद्द झाल्याचा दिवस, तर २ नोव्हेंबर हा करारबद्ध मजुरांच्या आगमनाचा दिवस, आणि दोन्हींना सरकारी सुट्टी असते. महाशिवरात्र आणि गणेशचतुर्थी यांनाही सार्वजनिक सुट्टी आहे. गणपतीची सुट्टी बहुतेक वेळा आपल्या चतुर्थीच्या दुसऱ्या दिवशी येते, म्हणून त्या वर्षीची तारीख आधी तपासून घ्यावी. नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात गेल्यास आगमनदिनाचा कार्यक्रम आणि पक्ष्यांचा हंगाम असे दोन्ही साधते, आणि एकदाच जाणार असाल तर तोच आठवडा निवडावा असे मला वाटते.

मुंबईहून थेट विमानाने सुमारे सहा तासांत पोहोचता येते आणि तिथले घड्याळ आपल्यापेक्षा दीड तास मागे असते. भारतीय पर्यटकांना आधी व्हिसा काढावा लागत नाही. परतीचे तिकीट, राहण्याच्या जागेचे आरक्षण आणि खर्चाची सोय दाखवता येईल अशी कागदपत्रे मात्र हाताशी ठेवावीत, आणि प्रवासापूर्वी भरायचा ऑनलाइन अर्ज घरूनच भरून टाकावा. मॉरिशसने हिवतापाचे उच्चाटन केले असल्याने भारतातून येणाऱ्यांकडे तिथला आरोग्य विभाग बारकाईने लक्ष देतो. कोणी पत्ता विचारला किंवा रक्ताचा नमुना मागितला तर दचकू नये.

मुक्काम कोठे करावा

उत्तरेकडचे ग्राँ बे आणि पश्चिमेकडचे फ्लिक आँ फ्लाक ही पर्यटकांची नेहमीची ठिकाणे या कामासाठी गैरसोयीची आहेत. दोन टप्पे करावेत. पहिला टप्पा पठारावरच्या गावांत, म्हणजे रोझ हिल, कात्र बोर्न किंवा क्युरपिप येथे घ्यावा. ही गावे पोर्ट लुईशी मेट्रो एक्सप्रेस या हलक्या रेल्वेने जोडलेली आहेत, त्यामुळे राजधानीच्या रहदारीत गाडी घालावी लागत नाही, आणि राष्ट्रीय उद्यानही जवळ पडते. दुसरा टप्पा आग्नेय किनाऱ्यावरच्या माहेबूर्ग येथे घ्यावा. विमानतळ तेथून जवळच आहे आणि दुर्मीळ प्राण्यांचे सर्वांत महत्त्वाचे बेटही त्याच बाजूला आहे. गाड्या आपल्यासारख्याच डाव्या बाजूने चालतात, तेव्हा जंगलाच्या दिवसांसाठी गाडी भाड्याने घेणे सोपे जाते. चलन मॉरिशियन रुपया आहे; हातगाड्यांवर आणि बाजारात सुटे पैसे लागतात.

पोर्ट लुई: एक पूर्ण दिवस

हा दिवस शनिवार-रविवारचा नसावा. सकाळी सर्वांत आधी बंदरालगतच्या आप्रवासी घाटावर जावे. गुलामगिरी १८३५ मध्ये रद्द होण्याच्या सुमारास मळेवाल्यांना मजूर हवे होते आणि इंग्रज सरकारने भारतातून करारबद्ध मजूर आणण्याचा मोठा प्रयोग येथेच सुरू केला. २ नोव्हेंबर १८३४ रोजी ‘अ‍ॅटलास’ जहाज कलकत्त्याहून ३६ मजुरांना घेऊन आले. त्यानंतर विसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत सुमारे साडेचार लाख माणसे या बंदरातून आत आली. काही येथेच राहिली, काही पुढे इतर वसाहतींत गेली, काही परतली. त्यांना उतरवून घेण्यासाठी १८४९ मध्ये बांधलेल्या तळाचे अवशेष आज जागतिक वारसा म्हणून जपलेले आहेत.

घाटाच्या १६ दगडी पायऱ्या पाहायला दोन मिनिटे पुरतात, आणि बरेच जण दोन मिनिटांतच फोटो काढून निघतात. तसे करू नये. शेजारचे माहिती केंद्र आधी पाहावे, तिथला मार्गदर्शक मागून घ्यावा आणि मग पायऱ्यांकडे यावे. मजुरांच्या राहण्याच्या खोल्या, स्वयंपाकाच्या आणि शौचाच्या जागा यांच्या भिंतींचे पाये अजून ओळखता येतात. उतरलेल्या प्रत्येकाला एक क्रमांक मिळे, त्याच्या नावाची नोंद होई आणि पुढे पुढे त्याचे छायाचित्रही काढले जाई. नोंदणी करणाऱ्या कारकुनाला जसे ऐकू आले तसे नाव लिहिले गेले, आणि अनेक घरांत आजोबा-पणजोबांचे पहिले नावच पुढे आडनाव होऊन बसले. आज तिथल्या दुकानांच्या पाट्यांवर फ्रेंच वळणाने लिहिलेली भारतीय नावे वाचताना हे लक्षात ठेवावे.

घाटापासून चालत जाता येईल इतक्या अंतरावर, फ्रेंचांच्या काळातल्या लष्करी रुग्णालयाच्या इमारतीत गुलामगिरीविषयीचे संग्रहालय आहे. ते टाळून केवळ आपल्या लोकांचा इतिहास पाहणे बरे नव्हे. आफ्रिका आणि मादागास्करमधून आणलेल्या माणसांच्या श्रमांवर हे शहर आणि बंदर उभे राहिले, आणि करारबद्ध मजुरांना ज्या मळ्यांवर पाठवले गेले तिथल्या झोपड्याही पुष्कळदा त्यांच्याच होत्या.

दुपारी निसर्ग-इतिहास संग्रहालय पाहावे. येथे डोडोचा एक सांगाडा आहे, ज्याची बहुतेक सगळी हाडे एकाच पक्ष्याची आहेत. जगात इतर ठिकाणी दिसणारे सांगाडे बहुधा अनेक पक्ष्यांची हाडे जुळवून उभे केलेले असतात. हा सांगाडा एतिएन तिरियू नावाच्या एका हौशी माणसाने शोधला, आणि तो व्यवसायाने केशकर्तनकार होता. वेळ उरल्यास कोडाँ भागातल्या ब्लू पेनी संग्रहालयात १८४७ ची दोन प्रसिद्ध टपाल तिकिटे पाहता येतात. मूळ तिकिटांवर दिवा दर तासाला थोडाच वेळ लावतात, म्हणून आत शिरतानाच ती वेळ विचारून घ्यावी.

जेवणासाठी मध्यवर्ती बाजाराच्या आसपास ढोल पुरी शोधावी. पिवळ्या डाळीचे सारण भरलेल्या, रुमालासारख्या मऊ पातळ पोळ्या दोन-दोन घेऊन त्यांत पावट्यासारख्या मोठ्या दाण्यांची उसळ, टोमॅटोची रुगाय आणि मिरचीची चटणी घालतात, आणि कागदात गुंडाळून हातात देतात. ती उभ्यानेच खायची असते. शाकाहारी माणसाची दुपारची सोय यापेक्षा चांगली होणार नाही.

मराठी माणसे, गंगा तलाव आणि सेगा

कलकत्ता आणि मद्रास यांच्या तुलनेत मुंबई बंदरातून गेलेल्या मजुरांची संख्या थोडी होती, पण त्यांत रत्नागिरीकडची आणि एकूण कोकणातली कुटुंबे बरीच होती. त्यांचे वंशज आजही आपली ओळख मराठी म्हणून सांगतात. हेन्रिएटा गावात १८९६ पासून गणपती बसवला जातो असे मानले जाते. कोकणातल्या जाखडीशी नाते सांगणारा झाकरी हा नाच आजही उत्सवात होतो आणि शाळेत मराठी हा विषय घेता येतो. घरातली बोली मात्र फ्रेंचवर आधारलेली क्रेओल आहे. तेव्हा समोरच्याने मराठी आडनाव सांगितले की लगेच त्याच्याशी भराभर मराठी बोलू लागणे आणि त्याला उत्तर देता आले नाही तर हळहळणे, हे दोन्ही टाळावे. इंग्रजीत किंवा साध्या हिंदीत बोलावे, भजन किंवा आरती चालू असेल तर शांतपणे बसावे. बोलणे आपोआप सुरू होते. विसर्जनाला गेल्यास रंगीत कपडे, पायांत भिजले तरी चालेल अशी चप्पल आणि फोटोपूर्वी परवानगी एवढे पुरेसे आहे.

आपल्याच घराण्यातले कोणी मिरिचला, म्हणजे मॉरिशसला, गेल्याची आठवण कोणाच्या कुटुंबात असेल, तर मोका येथील महात्मा गांधी संस्थेत करारबद्ध मजुरांच्या मूळ नोंदी जपलेल्या आहेत. मात्र त्या नोंदी सहज चाळता येत नाहीत. महिना-दोन महिने आधी लिहून विचारणा करावी आणि माणसाचे नाव, बापाचे नाव, गाव, अंदाजे साल असे जे काही ठाऊक असेल ते कळवावे.

गंगा तलाव हे पठारावरचे विवरातले तळे हिंदूंचे सर्वांत मोठे तीर्थ आहे. महाशिवरात्रीच्या आधीचे काही दिवस बेटाच्या कानाकोपऱ्यातून शुभ्र कपड्यांतले लोक कावडी घेऊन पायी येतात आणि वाटेत गावोगावी त्यांना पाणी व खाणे दिले जाते. हे पाहायचे असेल तर गाडी लांब ठेवून आपणही थोडे अंतर चालावे. इतर दिवशी तळ्यावर तासभर पुरतो. ३३ मीटर उंचीच्या शिवमूर्तीपेक्षा पाण्याच्या काठावरची छोटी देवळे आणि तिथली रोजची पूजा अधिक बोलकी आहे. महाशिवरात्रीच्या आठवड्यात जवळच्या जंगलाचा बेत मात्र करू नये, कारण रस्ते तुंबलेले असतात.

गुलामांच्या वंशजांची नाच-गाण्याची कला म्हणजे सेगा. हॉटेलांतल्या रात्रीच्या कार्यक्रमात दिसतो तो त्याचा झगमगीत अवतार. पारंपरिक सेग्यात रावान हे बकऱ्याच्या कातड्याचे मोठे डफासारखे वाद्य, मारावान हा बियांचा खुळखुळणारा चौकोनी डबा आणि त्रिकोणी घंटा एवढीच साथ असते. वाजवण्यापूर्वी रावान शेकोटीवर धरून तापवतात, कारण दमट हवेत कातडे सैल पडते. ते तापवणे चालू असताना पोहोचलात तर योग्य ठिकाणी आलात असे समजावे. यूनेस्कोने २०१४ मध्ये या सेग्याची आणि २०१६ मध्ये लग्नघरातल्या भोजपुरी गीत-गवईची अमूर्त वारसा म्हणून नोंद केली.

दुर्मीळ पक्षी आणि कासवे

येथे मूळच्या रानाचा चांगला राहिलेला भाग बेटाच्या दोन टक्क्यांहूनही कमी आहे. १९७४ मध्ये मॉरिशस केस्ट्रेलचे अवघे चार पक्षी रानात असल्याचे ठाऊक होते. रान तुटले होतेच. त्यात हिवतापाच्या डासांवर फवारलेल्या डीडीटीचा फटका बसला. गुलाबी कबुतरे १९९० च्या सुमारास दहाच्या आसपास उरली होती. इको पॅराकीट या पोपटाची गतही तशीच होती. पक्षिसंवर्धक कार्ल जोन्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पिंजऱ्यात पिल्ले वाढवणे, जादा खाद्य ठेवणे, घरटी लावणे आणि उंदीर-मांजरांचा बंदोबस्त करणे अशी दीर्घकाळ चिकाटीने कामे केली, आणि आज हे तिन्ही पक्षी शेकड्यांनी आहेत. म्हणून येथे पक्षी पाहणे म्हणजे एका अर्थाने हे काम पाहणे होय, आणि जे हे काम करतात त्यांच्यासोबतच जाणे शहाणपणाचे ठरते.

सुरुवात ईल ओ झेग्रेत या बेटापासून करावी. माहेबूर्गजवळच्या पॉइंत जेरोम येथून बोटीने काही मिनिटांत तेथे जाता येते. २६ हेक्टरांच्या या प्रवाळ-चुनखडीच्या बेटावर मॉरिशियन वाइल्डलाइफ फाउंडेशनचे मार्गदर्शक ठरावीक वेळी फेरी नेतात. जागा मोजक्या असतात, म्हणून भारतातूनच आरक्षण करावे आणि शक्यतो सकाळची फेरी घ्यावी. एकट्याने भटकता येत नाही, आणि ते योग्यच आहे. वाटेत सेशेल्समधल्या आल्डाब्रा बेटाची महाकाय कासवे भेटतात. ती मूळची इथली नव्हेत. मॉरिशसची स्वतःची कासवे माणसाने खाऊन संपवली, आणि त्यांच्यामागे एबनी या काळ्या, कठीण लाकडाच्या झाडांचे बी पसरवणारे कोणी उरले नाही; तेव्हा ते काम करण्यासाठी ही दूरची कासवे आणून सोडली. कासवाच्या विष्ठेतून रुजलेली एबनीची कोवळी रोपे मार्गदर्शक दाखवतो. न दाखवल्यास आवर्जून विचारावे. गुलाबी कबूतर येथे बऱ्यापैकी खात्रीने दिसते: फिकट गुलाबी डोके आणि छाती, तपकिरी पंख, तांबूस शेपटी, आणि पायांत ओळख पटवण्याची रंगीत कडी. जमिनीकडेही नजर ठेवावी, कारण पालापाचोळ्यातून टेलफेअरचा सापसुरळीसारखा स्किंक सरसरत जातो. जाण्यापूर्वी बुटांचे तळवे घासून घ्यावेत, म्हणजे बाहेरचे बी आपल्याबरोबर बेटावर जाणार नाही.

याच किनाऱ्यावर २५ जुलै २०२० रोजी ‘वाकाशिओ’ हे मालवाहू जहाज खडकावर चढले आणि ऑगस्टमध्ये सुमारे एक हजार टन तेल समुद्रात सांडले. गावकऱ्यांनी उसाचे पाचट कापडात भरून तरंगते बांध केले आणि ते पाण्यात सोडले. माहेबूर्गमध्ये हा विषय निघाला तर ऐकून घ्यावे. अनेकांचा उदरनिर्वाह त्या लगूनवर, म्हणजे प्रवाळाच्या आतल्या उथळ समुद्रावर, आहे.

ब्लॅक रिव्हर गॉर्जेस राष्ट्रीय उद्यान १९९४ मध्ये स्थापन झाले. पेत्रँ येथून उजाडताच चालायला सुरुवात करावी. दहानंतर पक्षी गप्प होतात आणि ढग उतरतात. पठारावर पाऊस कधीही येतो, म्हणून रेनकोट, जळू नसल्या तरी चिखलात टिकतील असे बूट आणि दुर्बीण हवीच. पोपट दिसला की लगेच आनंदून जाऊ नये. आपल्याकडचा लांब शेपटीचा पोपटही येथे मोकळा सुटून पुष्कळ वाढला आहे. इको पॅराकीट अधिक गडद हिरवा, अंगाने भरलेला आणि आखूड शेपटीचा असतो. त्याची मादी काळ्या चोचीवरून चटकन ओळखू येते, कारण आपल्या पोपटाची नर-मादी दोघांचीही चोच लाल असते. दृश्यस्थळांवरच्या माकडांना काही खायला घालू नये. ही आणलेली माकडे पक्ष्यांची अंडी खातात. वाटेच्या दोन्ही बाजूंना दिसणारी छोट्या लाल पेरूंची दाट झाडी लोकांना फार आवडते, हंगामात सारे गाव ते तोडायला लोटते, पण रानाचा गळा तीच झाडी आवळते आहे.

केस्ट्रेलसाठी माहेबूर्गजवळची फर्नीची दरी निवडावी. तेथेही मार्गदर्शकाबरोबर जाता येते. आखूड, गोलसर पंखांचा हा पक्षी झाडांच्या मधून वळणे घेत हिरव्या पालींची शिकार करतो, त्यामुळे मोकळ्या आकाशाकडे न पाहता फांद्यांमध्ये पाहावे. संध्याकाळी उडणारी मोठी वटवाघळे हीही फक्त मॉरिशसच्या परिसरातली जात आहे. लिची आणि आंबे खातात म्हणून २०१५ पासून सरकारने अनेकदा त्यांची कत्तल करवली. बागायतदारांचा राग आणि संशोधकांचा विरोध या दोन्ही बाजू तिथे ऐकायला मिळतात. उत्तरेकडच्या राउंड बेटावर दुर्मीळ बोआ साप आहेत, पण ते पर्यटकांना बंद आहे, आणि तेथे नेतो म्हणणाऱ्या बोटवाल्याला नकार द्यावा. तामारँच्या उपसागरात डॉल्फिनभोवती बोटींची जी गर्दी होते ती पाहता, तो कार्यक्रम मी तरी कोणाला सुचवणार नाही.

शेवटचा दिवस नैर्ऋत्येच्या ल मोर्न डोंगरासाठी ठेवावा. ५५६ मीटर उंचीच्या या कड्याच्या आश्रयाला पळून गेलेले गुलाम राहत, आणि २००८ मध्ये तो जागतिक वारसा ठरला. स्वातंत्र्याची बातमी घेऊन येणाऱ्या शिपायांना पाहून, ते पकडायलाच आले असे समजून काहींनी कड्यावरून उड्या टाकल्या, ही कथा तिथले लोक पिढ्यानपिढ्या सांगत आले आहेत. चढ पहाटेच सुरू करावा. पहिला भाग सोपा आहे. वरचा भाग उभ्या खडकाचा असून तेथे हातांचाही आधार घ्यावा लागतो, म्हणून जाणकार वाटाड्या घ्यावा, आणि पाऊस पडून गेला असेल तर मधल्या सपाटीवरूनच परतावे. वाटेत लोंबत्या लाल-केशरी फुलांचे एक झुडूप दिसू शकते. बूक्ल दोरेय हे देशाचे राष्ट्रीय फूल मुळात याच डोंगरावर उगवते. त्याचे फूल किंवा बी तोडू नये, आणि किनाऱ्यावरचे शंख व प्रवाळही सामानात घालू नयेत. परतीच्या विमानतळावर बॅग उघडली जाते.